घुबडाने दाखवलेला उतार

पूर्वी सुमेखला नगरीत राजा वीरकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापारी घराण्यात जन्मले. मोठे झाल्यावर ते पन्नास गाड्यांच्या तांड्याचे नायक झाले.

एका संध्याकाळी तांडा नदीकाठी पोहोचला. वाटाड्या भद्रिक याची मुलगी उत्पला हिला गाडीतच बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या होत्या आणि सुईण होती पलीकडच्या गावात. भद्रिकाने घाईघाईने अर्जुनाच्या झाडासमोरचा, नदी ओलांडायचा नेहमीचा उतार दाखवला. तेवढ्यात थोडे खालच्या अंगाला, नदीच्या मधोमध, त्याला एक घुबड दिसले. अशा वेळी हे अभद्र पाखरू समोर यावे! त्याने धनुष्याला बाण लावला.

बोधिसत्त्वांनी त्याचा हात धरला. घुबड बिचारे मासे धरण्यात गुंग होते. एक पाऊल टाकी, थांबे, पाण्यातली मासोळी नख्यांत पकडी, गिळी आणि पुढे सरके.

"भद्रिका, त्याच्या पायांकडे बघ. पाणी घोट्याच्या वर नाही."

"नायक, वीस वर्षं मी याच उतारानं गाड्या नेतोय."

"मग आधी काठी घालून बघ."

भद्रिकाने आपली लांब काठी पाण्यात घातली. ती मुठीपर्यंत बुडाली तरी तळ लागेना. गेल्या पुरात उतार वाहून गेला होता आणि वाळूचा नवा बांध खालच्या अंगाला साचला होता. पोटच्या मुलीला आपण याच डोहात घालणार होतो, हे कळून त्याने बाण भात्यात परत ठेवला.

बोधिसत्त्व स्वतः पुढे झाले. काठीने वाळू चाचपत ते घुबडाच्या वाटेने चालले आणि मागून गाड्या निघाल्या. एवढी वर्दळ पाहून घुबड वैतागले आणि पंख फडफडवीत उडून गेले. पलीकडे उत्पलेला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी भद्रिकाने पाण्यातल्या दगडावर दोन मासे ठेवले. घुबड त्यांना शिवलेही नाही. त्याला स्वतः धरलेलेच आवडत.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगून शास्ते म्हणाले, "त्या तांड्याचा नायक मीच होतो. भद्रिक म्हणजे आज सकाळी एका विधवेला अपशकुनी म्हणून विहाराच्या दारातून परतवणारा हा भिक्षू. आणि ते घुबड…"

पण तो भिक्षू तिला बोलवायला केव्हाच उठला होता.

त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत शास्ते समाधानाने म्हणाले, "जीव घाबरलेला असतानाही नीट पाहणे, याला प्रज्ञा म्हणतात."