ग्रीसच्या गुलामांची तालीम

यातला एक शब्द जरी खरा मानलास ना, तर तुला शहाणा म्हणीन.

माझी नात हौसा चौथीत गेली तरी तिला धडा वाचता येईना. वाचायला मात्र जीव टाकायची. एकदा माने गुरुजींनी शाळेत जुन्या ग्रीसचा खेळ मांडला. बड्यांची पोरं घरच्या चादरी गुंडाळून नागरिक झाली, एकाच्या तर बुडावर मोर आलेला. ती सभेत बसून मतं देणार. आमच्या वस्तीतली पोरं गुलाम. त्यांनी झाडायचं, पाणी आणायचं.

पाहुण्यांना घेऊन आलेले शाळेचे चेअरमन खूश झाले. "नागरिक अडखळतायत, पण गुलाम अगदी हुबेहूब. कुणी शिकवलं गं पोरी?"

हौसा म्हणाली, "गुरुजींनीच, साहेब. नागरिकांची तालीम आठवडाभर झाली. आमची पहिलीत आल्यापासून चालूय, रोज वाचनाच्या तासाला."

पाहुणे खाली बघायला लागले. चेअरमननी घाईघाईनं हुकूम सोडला, "गुरुजी, उद्यापासून ही मुलगी वर्गात बसेल."

बसली की. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं आणि खिडकीबाहेर पाहिलं, तर तिची पाण्याची बादली तिच्या पहिलीतल्या धाकट्या भावाच्या हातात.

बघतोस काय असा? जा आता घरी.