सुगंधाचं शून्य

तालुक्याच्या कॉलेजात खांबेटे सरांपुढे शिपाईसुद्धा चप्पल वाजवायला भ्यायचा. या सरांनी नियम काढला की एआयची मदत घेतली तर उत्तराखाली तसं लिहायचं, आणि लपवलं तर अख्ख्या पेपरला शून्य. पहिलं शून्य पडलं सुगंधा वाघचौरेला. तिचं आख्खं वर्ष जाणार होतं, म्हणून ती तडक स्टाफरूममध्ये गेली.

“सर, आठवडी बाजारावरचं उत्तर मी माझ्या डोक्यानं लिहिलंय.”

“माझ्या नोट्समध्ये यातलं एक वाक्य नाही. मग आलं कुठून?” शेजारचे प्राध्यापक चहा पीत ऐकत होते, त्यामुळे सरांना चेवच चढला.

सुगंधानं शांतपणे विचारलं, “यंत्राचं लिखाण ओळखायचं कसं, सर?”

“सोपं आहे. भाषा गुळगुळीत, स्वतःचं मत नाही, आणि विचारणारा कुणीही असो, उत्तर तेच.”

तिनं टेबलावरचा वर्गाच्या पेपरांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. “मग हे बघा. माझं सोडून साऱ्या वर्गाचं उत्तर शब्दाला शब्द एकच आहे.”

“अगं, त्या माझ्या नोट्स आहेत.”

“हो ना. पण मदत घेतल्याचं खाली कुणीच लिहिलं नाही, सर. सगळ्यांना शून्य देताय का?”

शेजाऱ्यांना चहाचा ठसका लागला. सरांनी पेन उचललं आणि सुगंधाचं शून्य खोडलं.