कान तुटलेला कप आणि टोमॅटोचं रोप

ज्या काळी भांड्याकुंड्यांनाही त्यांचं मत विचारायची पद्धत होती, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदमावशींच्या अंगणात कान तुटलेला एक कप होता. चहाच्या कामातून सुटल्यावर मावशींनी त्याच्यात टोमॅटोचं बी टाकलं, रोप उगवलं, आणि कप पुन्हा ऐटीत राहू लागला.

रोपाला चार पानं फुटली, तशा मावशी तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून घेऊन आल्या. "काय रे, लावू का आता याला डब्यात?"

"इतक्यात? अजून लहान आहे हो ते!" कप कळवळला. "सहा पानं तरी येऊ द्या."

सहा आली, तेव्हा त्याने आठ सांगितली. तोवर कपाच्या तळाच्या चिरेतून एक मूळ बाहेर डोकावलं.

डबा म्हणाला, "अरे, त्याला जागा पुरत नाहीये."

"छे! मला घट्ट धरून बसलंय ते," कप म्हणाला. "माया म्हणतात याला."

पुढे खालची पानं पिवळी पडली, आणि वीतभर रोपाने जिवाच्या भीतीने एक फूल काढलं. कपाने ते अंगणभर मिरवलं. "डब्यात गेलं असतं, तर इतक्या लवकर फुललं असतं का?"

शेवटी मावशींनी त्याला न विचारताच उपडा केला. रोप बाहेर आलं. माती नावालाच उरली होती. मुळांनी एकमेकांभोवती गुंडाळून घेत हुबेहूब कपाचा आकार घेतला होता.

मावशींनी कपाळावर हात मारला.

कपाचा मात्र ऊर भरून आला. "बघा," तो म्हणाला, "अगदी माझ्यावर गेलंय!"