एकतीस आणि बत्तीसच्या मध्ये

एकदा एका वृद्धाने शोकाच्या घरचे पाणी नाकारले.

ते घर डोंगरकुशीतल्या एका लहान वाडीत होते. घरचा थोरला मुलगा वाळीबा माघ महिन्यात घळीत पडून गेला होता. तेरावे झाले, सुतक फिटले, समजूत घालायला येणारी माणसे हळूहळू यायची थांबली. घरात उरली आई आणि धाकटा तुळशीराम. सारे त्याला तुळशा म्हणत. शाळा त्याने सातवीत सोडलेली. हाताचा कामसू, पण डोक्याने तापट. आधी बोलायचा, मग विचार करायचा, आणि त्यानंतर पुष्कळ वेळ गप्प बसायचा.

वृद्धाचे नाव हैबतबाबा. मोजणी खात्यात खलाशी म्हणून साहेबांच्या मागे साखळी ओढण्यात आणि निशाण धरण्यात त्यांची हयात गेली होती. वाडीने आपल्या रानाचा नकाशा करायला घेतला तेव्हा लोकांनी त्यांनाच पुढे घातले. वनहक्काच्या दाव्याला नकाशा लागतो. रानाची हद्द, पायवाटा, झरे, देवराई, सारे त्यात दाखवावे लागते. तालुक्याहून एक बाई आल्या आणि हातात मावेल असे जीपीएसचे यंत्र देऊन गेल्या. हद्दीवरून चालत जायचे, जिथे हद्द वळते तिथे थांबायचे, यंत्राला आभाळातले उपग्रह सापडू द्यायचे, किती मीटरची चूक आहे ते दाखवणारा आकडा कमी होऊन बसू द्यायचा आणि बटण दाबायचे. यंत्र त्या जागेला एक नंबर देते. पुढे हे नंबर रेघेने जोडले की झाली हद्द.

हे काम बाबांनी आधी वाळीबाला शिकवले. वाळीबा शांत डोक्याचा. कमरेला तंबाखूची चंची, चंचीत चुन्याची डबी. नंबर घेण्याआधी तो चुन्यात बोट बुडवायचा आणि शेजारच्या दगडावर एक ठिपका उठवायचा, पुन्हा कुणी आले तर जागा सापडावी म्हणून. असे एकतीस नंबर झाले. एकतिसावा घळीच्या तोंडाशी होता. बत्तिसावा घेण्यासाठी तो घळीत उतरला आणि वर आला तो माणसांच्या खांद्यावरून. यंत्र मात्र करवंदीच्या जाळीत दोरीला लटकलेले सापडले. कोपरा तेवढा फुटला होता. चालूच होते.

त्यानंतर तुळशाने त्या यंत्राला कुणाला हात लावू दिला नाही. "दादाचं काम मीच पुरं करनार," म्हणाला. बाबांनी त्यालाही शिकवले. त्याने सपाटा लावला. आठ दिवसांत सत्तावन्नपर्यंतचे नंबर घेऊन हद्द पुरी केली. बाईंनी नकाशा छापून पाठवला. सोमवारी ग्रामसभेत त्यावर सह्या-अंगठे व्हायचे आणि तो दाव्याला जोडून पुढे जायचा, असे ठरले.

शनिवारी सकाळी हैबतबाबा नकाशाची गुंडाळी काखेत घालून आले आणि ओट्यावर टेकले. आईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"कुठलं पानी?" बाबांनी विचारले.

"नेहमीचंच, बाबा."

"नेहमीचं म्हंजे कुठलं?"

"घळीतल्या झऱ्याचं. होळी झाल्यावर दुसरीकडं कुठं पानी ऱ्हातंय?"

बाबांनी तांब्या हलकेच मागे सारला. "मग नगं, पोरी. परक्याच्या हद्दीतलं पानी इचारल्याबिगर पिऊ नये."

आईचा चेहरा पडला. ज्या घरात मरण झाले त्या घरचे पाणी सुतकात कुणी घेत नाही. पण सुतक फिटल्यावरही नाकारले, तर ते घर अजून मेलेल्यातच धरले असा अर्थ होतो. ती पदराने हात पुसत उभी राहिली.

तुळशाचा मात्र तोल गेला. "सुतक कवाच फिटलंय! आमचं पानी चालत न्हाई तर येताच कशाला? तिकडं पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसा की!"

"बसलो असतो," बाबा म्हणाले, "पन त्याच्या घरी पन ह्याच झऱ्याचं पानी हाय."

"मग कुठली परकी हद्द? आज्याच्या आज्यापासून वाडी तेच पानी पितीया!"

"मला बी तसंच वाटत हुतं. पन तू कागदावर उलटं लिवून दिलंस. आता मी म्हातारा मानूस, कागदाच्या फुडं काय बोलनार?"

त्यांनी ओट्यावर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. "एकतीस दाव."

तुळशाने दाखवले.

"बत्तीस?"

त्यानेही बोट ठेवले. दोन्हींच्या मध्ये सरळ, सुबक रेघ होती, फुटपट्टीने मारावी तशी.

"आता घळ दाव."

तुळशाचे बोट रेघेपाशी आले आणि अडखळले. खरी हद्द त्याला पाठ होती. ती घळीत उतरते, झऱ्याला वळसा घालते आणि पल्याडच्या चढाने पुन्हा वर येते. पण तो घळीत उतरलाच नव्हता. एकतीसपासून माथ्यामाथ्याने चालत, पलीकडच्या कड्यावर जाऊन त्याने बत्तीस नंबर घेतला होता. घळ रेघेच्या बाहेर पडली होती. तिथे कोरा कागद होता.

"ह्यावर सोमवारी अंगठे उठले की झरा आपला न्हाई," बाबा म्हणाले.

"मग दुसऱ्या कुनाला धाडा," तुळशा खाली बघत म्हणाला. "मी तिथं पाय ठेवनार न्हाई. मेलो तरी."

तांब्या तसाच पडून होता. तुळशा त्या तांब्याकडे बघत राहिला, आणि एकाएकी त्याच्या मनात आले की पाणी काही आपल्या पायांनी घरात येत नाही.

"आये," त्याने विचारले, "तू रोज तिथनंच आनतीस?"

"मग? आभाळातनं पडतंय व्हय?" आई म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "सकाळी दोन खेपा, तिसऱ्या प्रहरी एक. जाताना त्या जागी जरा टेकते. त्याच्याशी दोन सबूद बोलते. मग हंडा भरते."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी इचारलंस?"

तुळशा उठला. खुंटीवरचे यंत्र काढून त्याने गळ्यात अडकवले आणि चप्पल न घालताच चालू लागला. बाबा काठी टेकत मागोमाग निघाले.

फाल्गुनाचे ऊन होते. वणव्याने डोंगराची एक बाजू काळी पडली होती आणि कारवीच्या वाळक्या काठ्या वाऱ्याने एकमेकींवर घासत होत्या. घळीच्या तोंडाशी दगडावर वाळीबाचा एकतिसावा ठिपका पांढराफेक दिसत होता. तिथून वाट खाली उतरते. वाटेवर ठिकठिकाणी हंड्यातून सांडलेल्या पाण्याचे ओघळ होते, काही अजून ओले. तुळशा दोनदा थांबला. दोन्ही वेळा बाबाही थांबले, पण "चल" म्हणाले नाहीत.

अर्ध्या उतारावर कड्याला एक अरुंद टप्पा आहे. वरून पाणी झिरपते, म्हणून तिथला दगड बारमाही ओला आणि शेवाळलेला असतो. खाली दोन पुरुष खोल खडक. तुळशा कड्याला पाठ लावून उभा राहिला. त्याला खाली बघायचे नव्हते म्हणून तो समोरच्या दगडाकडे बघू लागला, आणि तिथे त्याला चुन्याचा ठिपका दिसला.

तो नुसता ठिपका नव्हता. ओल्या दगडावर बोट जरा घसरले होते, म्हणून चुना लांबट उठला होता, आणि त्यात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

"बाबा," तुळशा म्हणाला, "चुन्याची खून केलीय त्यानं. म्हंजे जागा गावली हुती त्याला. बटन दाबायचंच ऱ्हायलं."

"व्हय. आकडा बसायची वाट बघत हुता तो."

तुळशा खाली बसला. मग त्याने दीड महिना कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"मी वर हुतो. एकतीसपाशी. मला भूक लागली हुती. त्यो हितं गप उभा, हातात यंत्र धरून. म्या वरनं वरडलो, 'आटप की! त्या यंत्राशी लगीन लावतो का?' त्यानं वर बघितलं, बाबा. हसला. काय तरी बोलनार हुता. आन् पाय..."

त्याने तोंड गुडघ्यांत घातले.

हैबतबाबांनी "तुझा दोष नाही" असे म्हटले नाही, आणि "आहे" असेही म्हटले नाही. झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज होत राहिला. मग ते म्हणाले, "उठ. यंत्र चालू कर."

तुळशाने डोळे पुसून यंत्र चालू केले. दोन्ही बाजूंना उंच कडे, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. यंत्राला उपग्रह सापडेनात. पडद्यावर चूक दिसली, चाळीस मीटर.

"दाबू?"

"थांब."

आकडा तेहतीस झाला. पुन्हा सदतीसवर गेला.

"बाबा, माझ्यानं हितं उभं ऱ्हावत न्हाई."

"दिसतंय मला. थांब."

तो थांबला. वाळीबाचे पाय जिथे होते तिथेच त्याचे पाय होते. ओल तळव्याला लागत होती. तो आधी मुकाट रडला, मग आवाज करून रडला, घळीने तो आवाज दुप्पट करून परत दिला, आणि मग तो आवाजही संपला. आकडा अठ्ठावीस, बावीस, सव्वीस, एकोणीस असा खालीवर होत राहिला. सावली कड्यावरून वीतभर सरकली. अखेर आकडा सहावर आला आणि तिथेच राहिला.

"आता," बाबा म्हणाले.

त्याने बटण दाबले. यंत्राने नंबर दिला, अठ्ठावन्न.

"चुकलं," तुळशा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ही तर बत्तिसावी हुती."

"यंत्र आपल्या क्रमानं चालतंय. बाई तिला एकतीस आन् बत्तीसच्या मधे बसवत्याल. उशिरा घेतलेली खून बी आपल्या जागी बसते."

तुळशाने ठिपक्याकडे बघत विचारले, "दुसऱ्या कुनाला धाडलं असतं तरी काम झालं असतं. मलाच का आनलं?"

बाबा काठीवर हनुवटी टेकून बसले.

"लई वर्सं साखळी वढली म्या," ते म्हणाले. "अवघड जागा आली की काही साहेब म्हनायचे, हितं नगं, फुडं धर. कागद पुरा व्हायचा. पन मानूस जिथं थांबला न्हाई, तिथं कागदावर सरळ रेघ पडती, आन् रेघंच्या भायेर जे ऱ्हातं ते परकं हुतं. तू ह्या जागेला वळसा घातलास. तुला वाटलं, येवढी येकच जागा सुटली. पन तिच्यासंगं वाडीचं पानी गेलं. तुझ्या आयची रोजची वाट गेली. वाळीबा बी गेला, पार हद्दीच्या भायेर. दुसरा कुनी आला असता तर झरा परत आला असता, लेका. हे बाकीचं कोन आननार हुतं?"

बाबांनी काठीने वरची आभाळाची पट्टी दाखवली.

"आनखी येक. खोल जागी आभाळ कमी दिसतं. तिथं आकडा लवकर बसत न्हाई, चाळीस-चाळीस मीटर चूक दावतो. माझ्यामुळं दादा गेला, हा आकडा तू त्या दिवशीच दाबून टाकलास. पयल्या फटक्यात, पळता पळता. तो खरा हाय का खोटा, मला ठावं न्हाई. मी त्या दिवशी हितं नव्हतो. पन घाईत घेतलेला आकडा आम्ही कधी कागदावर धरत नव्हतो. पुन्हा जायचं, उभं ऱ्हायचं, पुन्हा घ्यायचा."

एवढे बोलून त्यांनी चंची काढली आणि चुन्याची डबी तुळशापुढे धरली. तुळशाने डबीत बोट बुडवले आणि भावाच्या ठिपक्याशेजारी, त्याला न पुसता, आपला ठिपका उठवला.

मग ते दोघे झऱ्यापर्यंत उतरले. तिथे एकोणसाठ, पल्याडच्या चढावर साठ आणि एकसष्ट. सोमवारी बाईंनी नवी रेघ जोडून आणली. ती सरळ नव्हती. एकतीसपाशी ती खाली उतरत होती, झऱ्याला कवेत घेत होती आणि अंग चोरत पुन्हा वर येत होती. लोकांनी अंगठे उठवले. सभेनंतर हैबतबाबा घरावरून गेले तेव्हा आईने तांब्या पुढे केला. त्यांनी तो उभ्यानेच, वरून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

दुःख त्यामुळे कमी झाले, असे नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली तेव्हा तुळशाने दुसरा हंडा उचलला. टप्प्यापाशी आल्यावर आई नेहमीप्रमाणे टेकली. चुन्याच्या त्या दोन ठिपक्यांकडे बघत ती हळू आवाजात काहीबाही बोलत राहिली. ऊन चढत होते, आणि सकाळपासून पोटात काही नसल्यामुळे तुळशाला भूक लागली होती. हंडा खाली ठेवून तो तिच्याजवळ बसला. ती आपणहून उठेपर्यंत तो "आटप" म्हणाला नाही.