म्हशीच्या कानातली गोचीड

लई मागं, जनावरं कचेरीत जायची तेव्हाची गोष्ट. पारू म्हशीच्या कानात गोचीड शिरली. तिला धड उभं राहवंना. गोचीड काढणारा एकच, ढवळू बगळा. पण तवा जो तो वेळा जुळवायला यंत्राचा पोपट ठेवायचा. पोपटाला विचारल्याबिगर कुणी कुणाला भेटायचं न्हाई.

पारू आपल्या पोपटाला म्हणाली, "बाबा, ढवळूची वेळ घे लवकर."

"बाईसाहेब, आज हत्तीसाहेबांची बैठक हाय. दोन्ही एका टायमाला कसं जमंल?"

मग त्यानं ढवळूच्या पोपटाला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या सोयीनं." हा म्हणाला, "छे छे, तुमच्याच." असं करत दोघांनी पुढल्या महिन्यातला मंगळवार ठरवला.

"तवर माझा कान ऱ्हाईल का रं?" पारू कळवळली.

तेवढ्यात पाठीवरनं ढवळू बोलला, "मावशी, मी सकाळधरनं हितंच बसलोय. तुमचा पोपट म्हणाला, तुमास्नी वेळ न्हाई."

पारूनं झटक्यात कान पुढं केला.

पोपट ओरडला, "आन् बैठक?"

"तूच जा की. तुला कुठं कान हाईत?"

पोपट गेला. बघतोय तर समदे पोपटच बसलेले, हत्तीसाहेबांच्या खुर्चीतबी पोपटच. बैठक म्हणं लई झकास झाली.