सुरंगी आणि दुधाळ उंबर

सुरंगी फावड्यांच्या खोलीत राहायची. खोलीत फावडी, घमेली, खताची पोती, आणि उरलेल्या जागेत सुरंगी आणि तिची आई येसू. दोघी झोपल्या की कूस बदलायलाही एकमेकींना सांगावं लागायचं. येसू माईसाहेबांच्या बागेत राबायची, म्हणून ती खोली मिळाली होती.

बाग मात्र समुद्राकाठची, हसरी. लालचुटूक जास्वंदी, दुधाळ अनंत, हळदीच्या रंगाची इवली इवली फुलपाखरं. आणि सगळ्यांत नवा पाहुणा म्हणजे लांबून मागवलेला शोभेचा उंबर. हिरव्यागार पानांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, आणि बोराएवढ्या फळांवर गुलाबी-पांढरे पट्टे, जणू कुणी बाहुलीसाठी लाडू वळून ठेवलेत.

येसूने माईसाहेबांना हळूच सांगितलं होतं, की पानांचा पांढरा भाग नाजूक असतो, दुपारचं ऊन सोसत नाही, झाड माडांच्या विरळ सावलीत लावू. माईसाहेब म्हणाल्या, मी पन्नास वर्षं ही बाग बघतेय. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. वय सांगितलं की उत्तर दिलं असं त्यांना वाटतं.

उंबर फाटकासमोर, भर उन्हात लागला. आठ दिवसांत पांढरे शिंतोडे करपून तपकिरी झाले. मग दोष कुणाचा? येसूचा. परवा पाहुणे येणार होते. तोवर झाड पांढरं चमकलं नाही तर खोली रिकामी करायची, असं माईसाहेबांनी सांगून टाकलं.

त्या दुपारी तापलेल्या वाटेवर उंबराचं एक पट्टेरी फळ पडलेलं सुरंगीला दिसलं. तिने ते उचलून सावलीत ठेवलं आणि आपल्या पेल्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. फळ टिचलं. आतून तांदळाच्या दाण्याएवढी परी बाहेर आली. पंख मोतिया, झगा गुलाबी, डोक्यावर पाण्याच्या थेंबाचा मुकुट. सुरंगीच्या हातून पेला पडला.

"घाबरू नकोस गं छकुली," परी म्हणाली. "उंबराच्या पोटात कुणीतरी राहतंच. तू मला गारवा दिलास, मी तुला दोन इच्छा देते. पण नियम ऐक. एकदा मागितलेलं परत करता येत नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं."

सुरंगीला धीर कुठला? परीचं बोलणं संपता संपता ती म्हणाली, "हे झाड सगळंच्या सगळं पांढरं होऊ दे."

परीचा चेहरा उतरला. पण इच्छा ती इच्छा.

सकाळी येसू झारी घेऊन आली आणि जागच्या जागी थिजली. उंबर नखशिखांत पांढरा. पान मोत्याचं, देठ चांदीचा, उन्हात बघवत नव्हतं इतका लखलखाट. माईसाहेब व्हरांड्यातून उतरल्या आणि झाडाभोवती एक चक्कर मारून आल्या. मग म्हणाल्या की पाहा, मी सांगत होते ना.

दुपारी पानं लुळी पडली. दिवेलागणीला गळायला लागली. टप. टप. चंदेरी पानांचा खच पडला, आणि सुरंगी एकेक पान उचलून पुन्हा फांदीला लावू पाहत होती.

"असं का होतंय?" तिने परीला विचारलं.

"पानातला हिरवा रंग म्हणजे झाडाची चूल," परी हलकेच म्हणाली. "उन्हात झाड त्याच चुलीवर जेवण रांधतं. तू ती विझवलीस, राजा."

सुरंगीने हातातल्या पानाकडे पाहिलं. आपण? आपण उपाशी ठेवलं याला?

एक इच्छा उरली होती. तिच्यात एक घर मागता आलं असतं, आईला पाय पसरून झोपता येईल असं. सुरंगीने खोडाला कान लावला आणि काय हवंय ते विचारलं. कितीतरी वेळाने आतून एकच शब्द आला. भूक.

तिने आईला सगळं सांगितलं. येसू पदराने लेकीचं नाक पुसून म्हणाली, "त्याला जेवू घाल, सुरंगे. आपलं आपण बघू."

"याला जेवता येऊ दे," सुरंगी म्हणाली.

पांढरं काही परत गेलं नाही. पण पानापानावर हिरवे थेंब उमटले, पोपटी, शेवाळी, पाचूसारखे. उजाडताच मायलेकींनी बांबू रोवले, वर नारळाची झापं बांधली आणि उंबराला विरळ सावली केली.

माईसाहेबांनी ते पाहिलं आणि संतापल्या. पाहुणे तासाभरात येतील, हे ठिगळ काय लावलंय, उपटा ते झाड. येसू पुढे झाली, पण सुरंगी तिच्याही पुढे झाली. झाडाला मीच पांढरं केलं, मीच उपाशी मारत होते, तिने सांगून टाकलं. "आईचं काही चुकलं नाही. चुकलं तुमचं आणि माझं. आम्ही जातो. झाडाला हात लावू नका."

बहात्तर वर्षांत माईसाहेबांशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. येसूने गाठोडं उचललं.

तेवढ्यात उंबराची सगळी फळं एकदम उजळली, शंभर इवल्या पणत्यांसारखी. मधोमध परी उभी होती, आणि या वेळी ती माईसाहेबांनाही दिसत होती. त्यांची काठी गळून पडली.

"दोन इच्छा होत्या, आणि या पोरीने स्वतःसाठी एकही ठेवली नाही," परी म्हणाली. "आता हे माझ्याकडून." तिने पंख पसरले. आधी गुलाबी, मग सोनेरी, मग डोळे मिटावेत असा शुभ्र प्रकाश झाला, आणि त्या प्रकाशातच परी विरघळून गेली.

डोळे उघडले तेव्हा उंबर माडाएवढा उंच झाला होता आणि त्याच्याखाली खरंच एक घर उभं होतं. कौलं लाल, भिंती पांढऱ्या, त्यांवर हिरवे शिंतोडे, दारात ओलसर सारवलेलं अंगण.

येसूने गाठोडं खाली ठेवलं. मग तिने दाराला हात लावून पाहिला, आत डोकावली आणि वळून म्हणाली, "सुरंगे, पाय पुसून आत ये."