साळू आणि तापलेला लॅपटॉप

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक काटेरी साळू राहत असे. जंगलाचा लॅपटॉप तिच्या गुहेत होता. टेकड्यांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रे त्यावर दिसत. उन्हाळ्यात वणवा लागला की कोणत्या वाटेने निघावे, हे साळू ती चित्रे पाहून सांगे.

चैत्रातल्या एका दुपारी चहूकडून धूर दाटला. ससा, माकड, अस्वल, खार, हरिणी, सगळे गुहेपाशी धावत आले. "नदीकडे जाऊ की पठारावर?" हरिणीने विचारले. तिचे पाडस जेमतेम चार दिवसांचे. चुकीच्या वाटेवरून परत फिरणे त्याला झेपणारे नव्हते. साळूने लॅपटॉप चालू केला. आतला पंखा घरघरू लागला, खालची बाजू तव्यासारखी तापली आणि चित्र उमटते न उमटते तोच पडदा काळा! पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. "करत राहा चालू, कधीतरी टिकेल!" माकड ओरडले. "पाणी ओता त्याच्यावर," म्हणत अस्वल पाण्याचा भोपळा घेऊन पुढे सरसावले.

साळूने भोपळा अडवला. लॅपटॉपच्या बाजूच्या फटीशी तिने नाक नेले. पंखा एवढा फिरतोय, मग वारा बाहेर का येत नाही? "मी हा पूर्ण बंद करून उघडणार," ती म्हणाली. "आत्ता? आग दाराशी आलीय!" माकड किंचाळले. "म्हणूनच आत्ता," साळू म्हणाली आणि तिने नखाने स्क्रू काढायला सुरुवात केली. बॅटरीची तार सोडवून पाहते तर काय, पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा आणि तिच्याच केसांचा जाड थर! वर्षभरात आपण एकदाही आत पाहिले नाही, म्हणून ती मनातून ओशाळली. पण ओशाळायलाही वेळ नव्हता. "खारूताई, पंख्याचं पातं धरून ठेव, फिरू देऊ नकोस!" तिने तो थर अलगद ओढून काढला, जाळी फुंकून मोकळी केली. बाहेर राख पडू लागली होती. ससा रडकुंडीला येऊन नदीकडे निघाला, त्याच्यामागे हरिणीनेही पाऊल उचलले. "थांब गं बाई, एवढं झाकण लावू दे!" साळू कळवळून म्हणाली.

हरिणी थांबली. अस्वलाने सशाला मानगुटीला धरून मागे आणले. लॅपटॉप चालू झाला, फटीतून गरम वारा भसाभसा बाहेर आला आणि चित्र या वेळी टिकले. नदीकाठचे सगळे गवत पेटले होते! "पठारावर चला!" साळू ओरडली. सगळे धापा टाकत पठारावर पोहोचले. तिथून त्यांनी ज्वाळांत बुडालेला नदीकाठ पाहिला. हरिणी पाडसाच्या अंगावरची राख चाटत राहिली.

तात्पर्य : काम अडले की नुसता जोर लावू नये. थांबून अडथळा दूर करणाऱ्याचा वेळ जात नाही, वाचतो.